मिशीचा गोंद

मुलीच्या स्नेहसंमेलनासाठी खोटी मिशी शोधायला जुना डबा उघडला आणि गोंदाच्या त्या वासाने मला थेट म्हैसूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात नेऊन उभं केलं! पंधरा वर्षं तरी झाली.

प्रहसनात मी परदेशातला इमिग्रेशन अधिकारी होतो. प्रवासी होती हूटगळ्ळी औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीतली खरीखुरी मेक्सिकन, लुसिया. प्रहसनाची कल्पना तिचीच, मराठी संवाद माझे.

“मोठी टोपी नाही, मिशी नाही, मग तू मेक्सिकन कशी?” मी दरडावलं.

तिने माझ्याच ओठावरची मिशी उपटून स्वतःला चिकटवली. “आता सोडा!” लोक हसून लोळायला लागले.

मग तिने तालमीत नसलेलंच केलं. माझ्या खुर्चीत बसली आणि मलाच विचारलं, “कन्नडा बरुत्ता?”

कन्नड येतं का? नोकरीसाठी म्हैसूरला आलेले आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. आठ वर्षं इथे राहूनही मला कन्नड येत नव्हतं. पहिल्या रांगेतून कमलाकाकू, ज्यांच्या कित्येक पिढ्या इथेच गेल्या, ओरडल्या, “अय्यो, पाठव गं याला माघारी!”

छप्पर उडेल असा हशा आणि टाळ्या! तेव्हा वाटलं, टाळ्या माझ्या अभिनयाला आहेत.

आता मंडी मोहल्ल्याच्या बाजारात कन्नडमधून घासाघीस करतो, तेव्हा वरचा ओठ अजून हुळहुळतो.