हळद लावलेला पाय

सुजलेली जागा चमकवणारा रंग तयार करणं, हे नव्वदच्या दशकात माझं काम होतं. रंग हिरवा, पण त्याची चमक डोळ्यांना दिसत नाही. ती लालच्या पलीकडची, इन्फ्रारेड. कातडीतून आरपार येते आणि फक्त खास कॅमेऱ्याला दिसते. आई म्हणाली, "दिसत न्हाई तर बनवतीस कशाला?" हा प्रश्न मी पीएचडीच्या गाईडच्या कानावर घातला नाही.

रंग साताऱ्याला बनवला. उंदीर आणि कॅमेरा सांगलीला. उजेड लागला की रंग नासायचा, म्हणून कुपी काळ्या कागदात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवली आणि एसटी धरली. वर्षभराच्या खटपटीतून आलेला तो चिमूटभर रंग एकाच उंदराला पुरणार होता. तो चमकला नाही तर पीएचडी सोडून लग्न करायचं, असं घरी ठरलं होतं.

उंदराच्या एका पायाला सूज आणणारं इंजेक्शन आदल्या दिवशी दिलं होतं. मी रंग पाण्यात कालवला. पाण्यात तो फार टिकत नाही, आता आजच वापरायला हवा होता. मग पिंजरा उघडला. सुजलेल्या पायावर हळदीचा लेप, वर चिंधी.

उंदरांची देखभाल करणारे मामा उंब्रजकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले. ते शांतपणे म्हणाले, "आवं म्याडम, पाय लय सुजला हुता. बघवंना. हळद सांगलीचीच हाय, भेसळ न्हाई."

मला राग आला आणि रडूही आलं. पाय धुतला, पण तो पिवळाच राहिला. हळदही चमकते, पण निळ्या उजेडात. आमच्या कॅमेऱ्याला ती दिसायला नको होती. खात्री कुणालाच नव्हती. शिवाय तिनं सूज उतरवली असेल, तर माझा रंग तिथं कशाला थांबेल?

शेपटीतून रंग टोचला, दिवे मालवले. बऱ्याच वेळानं पडद्यावर चित्र आलं. चांगला पाय काळाच होता. हळदीचा पाय पांढराशुभ्र उजळला होता. टोचण्याआधी घेतलेल्या चित्रात तोही काळाच होता, म्हणजे ही चमक हळदीची नव्हती. मी इतकी खूश झाले की मामांना पेढे आणायला धाडणार होते.

मामा पडद्याकडे बघत होते. "ते पांढरं म्हंजे सूज व्हय?"

"हो मामा. झकास आलंय."

"म्हंजे अजून दुखतंय त्येला," ते म्हणाले.

पेढ्यांचं मग राहूनच गेलं.