दाजींचे नमुने आणि एक ओळ

त्याला घरात आणि बाहेर सगळे कडीकुलूप म्हणत. नाव ठेवलं होतं दाजींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. दार लावून जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन कडी ओढून बघणारा माणूस तो. नाव चिकटलं ते चिकटलंच. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी, लग्न केलेलं नाही, आणि जिवाला छंद एकच: ती फाइल.

फाइल अगदी साधी, नुसत्या मजकुराची. आपण ब्राउझरमध्ये काय बघतो, कुठे घुटमळतो, याची खबर सतत कोणाकोणाला जात असते. ती बंद करायच्या कळा आत असतात, पण इतक्या खोल दडवलेल्या, की एकट्या-दुकट्याला त्या शोधत बसणं जमत नाही. त्याने त्या सगळ्या एका फाइलीत लिहून काढल्या, प्रत्येक ओळीखाली ती का हवी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि फाइल सगळ्यांसाठी खुली ठेवली. कोणीही घ्यावी, आपल्या ब्राउझरला जोडावी. त्याने काही बदललं की सकाळी सगळ्यांकडे ती आपोआप ताजी होई. कुठकुठले अनोळखी लोक ती वापरू लागले, चुका दाखवू लागले, नव्या ओळी सुचवू लागले. ऑफिसात चार शब्द बोलायची वेळ आली की जो कॉम्प्युटरमागे लपे, तो माणूस तिथे ठणकावून लिही, "ही ओळ घेता येणार नाही. कारण खाली दिलं आहे." आणि प्रत्येकाला त्याच दिवशी उत्तर देई. त्यात कधी खंड पडला नाही.

दाजींचं शिलाईचं दुकान होतं. त्यांच्याकडे यायचे ते बहुतेक वाकड्या अंगाचे लोक. कोणाचा खांदा उतरलेला, कोणाच्या पाठीला पोक, कोणाचा एक पाय आखूड. अशांना तयार कपडा बसत नाही. दाजी कोट असा बेतत, की घालणारा आरशासमोरून लवकर हलत नसे. पुढे त्यांचे हात थरथरू लागले, कागदावर रेघ सरळ येईना. तेव्हा कडीकुलूपनेच त्यांना इंटरनेटवरचं एक पान शोधून दिलं. त्यावर मापं टाकून कोटाचा नमुना आखता येई. ते पान नावगाव विचारत नव्हतं, कुठे काही पाठवत नव्हतं. आखलेलं सगळं त्याच ब्राउझरच्या पोटात राही.

"म्हणजे माझ्या गिऱ्हाइकाचं पोक दुसऱ्या कोणाला दिसणार नाही?" दाजींनी विचारलं होतं.

"तुमच्याशिवाय कोणालाच नाही."

"मग झकास. मेहुणे, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही, पण माणूस झाकता बरा."

दाजी वारल्यावर दुकान अक्काने, म्हणजे त्या थोरल्या बहिणीने, चालवलं. शिवता तिला येत होतं, बेतणं मात्र दाजींचं. ते त्या नमुन्यांत होतं, म्हणून तिचं निभावलं. कॉम्प्युटरला अर्थातच भावाची फाइल जोडलेली होती. तो सुट्टीला जेवायला आला की ती म्हणायची, "यांचं ते सगळं दुसरीकडे कुठेतरी उतरवून ठेव रे. एकाच खोक्यात आहे, मला धाकधूक वाटते."

त्या पानावर तेवढ्यासाठी एक बटण होतं. दाबलं असतं तर काम झालं असतं.

"ठेवतो अक्का. पुढच्या खेपेला निवांत करू," असं म्हणून तो फोनवर कोणालातरी उत्तर लिहीत बसे.

"एवढं कोणाशी बोलतोस?"

"फाइलवाल्यांशी."

"त्यांनाही आण एकदा जेवायला. बघू तरी कोण आहेत."

तो हसायचा. खेप यायची आणि जायची.

मग एका फाइलवाल्याने एक ओळ सुचवली: ब्राउझर बंद केला, की वेगवेगळ्या पानांनी आत जे काही ठेवलं असेल ते सगळं पुसून जावं. त्याला ती फार आवडली. शिरस्त्याप्रमाणे त्याने आधी आपल्या मशीनवर ती लावून पाहिली. आठवडाभर कुठे काही अडलं नाही. अडणार कसं? त्याच्या ब्राउझरमध्ये कोणाचं काही नव्हतंच. घासलेलं पातेलं पुन्हा घासून बघावं, तशातली गत. त्याने खाली कारण लिहिलं आणि ओळ फाइलीत घातली.

एका सकाळी अक्काचा फोन आला. "अरे, ते पान उघडतंय, पण आत काहीच नाही. कोरं आहे. माझ्या हातून काही दाबलं गेलं का?"

"तू काही दाबलं नाहीस," एवढंच तो बोलला आणि रजा टाकून निघाला. दुकानात येऊन त्याने मशीनचा कानाकोपरा धुंडाळला. पुसण्याच्या कामात त्याची फाइल चोख होती. काही म्हणता काही उरलं नव्हतं. अक्का इस्त्री करत होती, मान वर न करता.

"माझ्या फाइलीने पुसलं, अक्का. परवा मी एक नवी ओळ घातली होती."

"कोणासाठी?"

"एकाने सुचवली होती."

"ओळखतोस त्याला?"

"नाही."

अक्काने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. "मीही सुचवलं होतं तुला," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. त्याने तिथेच बसून ओळ फाइलीतून काढली, सगळ्यांसाठी. लगोलग कोणीतरी विचारलं, इतकी चांगली ओळ का काढली? त्याने फोन खिशात टाकला. त्या दिवशी कोणालाच उत्तर गेलं नाही.

तेवढ्यात म्हातारे पोस्टमन आले. आयुष्यभर थैली वाहून त्यांचा डावा खांदा पार उतरला होता. नवा कोट सांगून गेले होते, कापड आजच बेतायचं होतं. अंगावर दाजींनी शिवलेला जुना कोट होता.

"काका, तो काढून द्या," अक्का म्हणाली. "उसवावा लागेल. नमुना हरवलाय, आता त्यावरूनच घ्यायचा."

"उसव की. पण मला परत घालता येईल ना?"

"शिवून देईन. पण शिवण माझी असेल, तेवढं चालवून घ्या."

पोस्टमन नुसत्या शर्टावर खुर्चीत बसले. उतरलेला खांदा भिंतीकडे करून रस्त्याकडे बघत राहिले. अक्काने कोट टेबलावर पसरला आणि भावाच्या हातात ब्लेड दिलं. डाव्या खांद्याच्या आत दाजींनी कापडाचे थर घातले होते, एकाहून एक आखूड, बाहेरून पत्ता लागू नये असे. टाके इतके बारीक, की ब्लेडचं टोक आत शिरेना. त्याने जोर लावला.

"ओढू नकोस, फाटेल. एकेक काढ."

तो एकेक काढू लागला. अक्का सुटलेला थर कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवत होती.

"हे काका कोट घालून आले म्हणून," ती हळूच म्हणाली. "ज्यांनी झिजला म्हणून टाकून दिला, त्यांचं काय करायचं?"

त्याने शेवटचा टाका काढला आणि थर तिच्याकडे दिला. अक्काने त्या थराभोवती पेन्सिल फिरवली, मग कोट फिरवून दुसरी बाही त्याच्यापुढे सरकवली.