बेलभंडाऱ्यावरची पाइपलाइन

विमानतळासाठी जाणाऱ्या जमिनींची यादी गावात लागली, त्या दिवशी आमच्याकडे पेढे आले. कारण आमचा गट नंबर यादीत नव्हता. विमानतळाची भिंत आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबणार होती. कारेगावला कंपनीत असलेल्या माझ्या धाकट्या भावाने फोन केला. "ताई, जमीन बी वाचली आन् भाव बी वाढणार. प्लॉट पाडा आन् बसून खा." मी विचारलं, "आन् पिकवायचं कशावर?" तो म्हणाला, "तुझं आपलं कायम वाकडंच."

वाकडं काही नव्हतं. आमची जमीन यादीत नव्हती, पण आमचं पाणी यादीतल्या जमिनीखालून येत होतं. एवढी साधी गोष्ट पेढे आणणाऱ्या एकाच्याही डोक्यात आली नाही, याचाच मला आधी राग आला.

दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला उसाची रानं आहेत आणि तिथून दीडेक किलोमीटर वर चढलं की मुरमाड माळ. आम्ही त्या माळावरचे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं. दिवाळी झाली की कोकणाकडे उतरायचं आणि पाऊसकाळाला परत यायचं. मी शिरूरकडची, कवठे येमाईची. लग्न होऊन आले त्याच वर्षी मामांनी कळप विकला आणि नदीवरून पाइपलाइन टाकायचं ठरवलं. मोटर नदीवर, शेत माळावर आणि मधलं जवळजवळ सगळं रान एकाच घराचं. त्या घरच्या कर्त्या माणसाला सगळा गाव आप्पा म्हणतो.

मामा विचारायला गेले तेव्हा आप्पा म्हणाले, "न्या की. पाणी काय माझ्या घरचं हाय?" कागद कुणी केला नाही. खंडोबाच्या देवळात दोघांनी बेलभंडारा उचलून शब्द दिला. आप्पांनी पाइप कधी अडवायची नाही आणि आम्ही आठवड्यातली पाण्याची एक पाळी आप्पांच्या वरच्या तुकड्याला द्यायची, एवढंच ठरलं. त्या उन्हाळ्यात घरच्याच माणसांनी चर खणला. माझ्या हातांवरची हळद उतरायच्या आत त्यांना घट्टे पडले. पाणी माळावर पडलं त्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "आता तुझ्या लेकरांना एका साळंत शिकता यील." तशी ती शिकली.

तो शब्द दोन्हीकडून एकदाही मोडला नाही. एका निवडणुकीत मामा आणि आप्पा समोरासमोरच्या पॅनलमध्ये होते. वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. पण आप्पांच्या पाळीच्या दिवशी मामा स्वतः जाऊन व्हॉल्व्ह फिरवून यायचे.

मग मोजणी आली. वर ड्रोन, खाली पोलीस आणि हातात फॉर्म घेतलेली तरुण पोरं. त्यांनी आप्पांच्या रानातलं सगळं लिहून घेतलं. शेवग्याची झाडं लिहिली, गोठा लिहिला, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा लिहिलं. मी बांधावर उभी होते. आप्पा काठी टेकत पुढे झाले आणि म्हणाले, "हितनं खालून पाइप जाती. ती लिहा."

"लिहितो की आजोबा. तुमच्या नावावर टाकतो."

"माझी न्हाई ती. वरच्या माळावरल्यांची हाय."

"त्यांचा गट यादीत नाही. जमीन तुमची, म्हणजे पाइप तुमची. फॉर्ममध्ये दुसरा रकाना नाही."

"मग रकाना करा. दुसऱ्याच्या चीजेला माझं नाव लावायचं न्हाई."

पोरगं कंटाळलं. आप्पा काही केल्या हटेनात, तेव्हा त्याने ती ओळच खोडली आणि पुढच्या रानाकडे निघून गेला. अशी आमची पाइप कागदावरून नाहीशी झाली. आप्पा खोटं बोलले असते तर निदान ती कुठेतरी लिहिलेली राहिली असती.

हरकतींच्या सुनावणीला मी मामांना घेऊन दौंडला गेले. सुनावणी घेणारे साहेब फार सभ्य होते. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही बाधित नाही. मग हरकत कसली?" मी पाइपचं सांगितलं. त्यांनी करारनामा मागितला. मामा म्हणाले, "बेलभंडारा उचललाय, साहेब." शेजारचा कारकून खाली मान घालून हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी लिहूनही घेतलं नाही.

"भिंतीचा पाया खणताना पाइप तुटंल, तवा काय करायचं?" मी विचारलं.

"तुटली की अर्ज करा."

कांदा करपल्यावर अर्ज करायचा. गाई विकल्यावर अर्ज करायचा. मामांच्या वयाच्या माणसाने पुन्हा मेंढरांमागे जायचं आणि वाटेत कुठेतरी बसून अर्ज लिहायचा. विमानाशी माझं वैर नाही. पुण्याला नवं विमानतळ लागत असेल तर बांधा, माझी नातवंडंही त्यातून उडतील. पण खुराडं मोजायला ज्यांना वेळ मिळतो, त्यांना माणसं पाणी कुठून पितात एवढं विचारायला वेळ मिळत नाही, हे मला पटत नाही. आणि वर आम्हालाच नशीबवान म्हणायचं. महिनाभराने पत्र आलं, अर्जदार बाधित नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मामांना वाचता येत नाही. मी त्यांना ते दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणाले.

त्यानंतर चार दिवसांनी भर दुपारी आप्पा माळ चढून आले. त्यांचं सगळं जाणार होतं, रान, घर, विहीर, आईवडिलांच्या समाध्या. मी मामांशेजारी बाजेवर जागा केली, पण ते बसले नाहीत. मामांसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"माझ्याकडनं सबूद मोडतोय," ते म्हणाले. "मला मोकळं करा."

मामांनी त्यांचे दोन्ही हात धरले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. अख्खी जमीन गमावलेला माणूस उन्हातून चालत येऊन आमची माफी मागत होता.

"आप्पा, हात जोडू नका," मी म्हणाले. "माफी तुम्ही मागायची न्हाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, खरंच विचारावं तसं विचारलं, "मग कोन मागणार, पोरी?"

सुनावणी घेणाऱ्या साहेबांची आदल्याच आठवड्यात बदली झाली होती.