येळवशीच्या दिवशी तरक्कीला निघालो

माझे यजमान तहशिलीत पेशकार झाले आणि मला हैदराबादचं वेड लागलं. निजामाचं राज्य, खरी तरक्की व्हायची ती तिकडंच. पक्का बंगला, दाराशी टांगा, हात भरून लाखेच्या बांगड्या, असं सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. त्यासाठी सोमवारसुद्धा धरले होते. यजमानांना घाई नव्हती, पण मी त्यांना सुखानं बसू देत नव्हते.

शेवटी निरोप आला. तालुकदारसाहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचा, मुक्काम बेंबळीला आहे, हैदराबादेतल्या एका जागेसाठी माणूस निवडायचाय, दुपारच्या आत येऊन भेटा. साहेब परमुलखातले. त्या दिवशी येळवस आहे हे त्यांना कुठलं ठाऊक असायला. येळवस म्हणजे आमची वेळा अमावस्या. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात जातात, कडब्याच्या कोपीत पांडव पुजतात आणि वाटेनं कुणी जाताना दिसला की त्याला हाक मारून जेवू घालतात. नाही म्हणायची सोय नाही. अशा दिवशी घाईच्या कामाला छकडा जुंपणं म्हणजे आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं. पण यजमान म्हणाले, "शेरवानी बघून कोण हाक मारतंय?" ते वाटेतून मागं फिरू नयेत म्हणून मीही छकड्यात बसले.

शीव ओलांडली तोच पहिली हाक आली. "सायेब, आंबील घिऊन जावा की." शेरवानी ताठच बसून राहिली. तशी एक म्हातारी सरळ बैलांपुढं येऊन उभी राहिली आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "लक्षुमी रानात आली आन् उपाशी जाती व्हय?" उतरलो. शेंगा-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गार आंबील. "एकच घोट," म्हणत यजमानांनी तांब्या रिकामा केला.

पुढच्या रानात आमची बातमी आमच्याआधी पोचली होती. त्यांच्याकडं जेवलात, मग आमी काय वंगाळ? त्याच्या पुढच्या रानात शेरवानीची बटणं सुटली. नंतर कधीतरी यजमानांनी तुर्की टोपी बैलाच्या शिंगात अडकवली आणि तो किती रुबाबदार दिसतोय हे सगळ्यांना दाखवत सुटले. मी तर लाजच सोडली होती. अनोळखी बायकांबरोबर झोके घेतले, ज्वारीतून उगाच पळाले, हसून हसून पोट दुखलं.

बेंबळी आली तेव्हा दिवस मावळत होता. शिपाई म्हणाला, साहेबांनी लई वाट बघितली, दुसऱ्या माणसाला निवडलं आणि गेले. यजमानांचा चेहरा उतरला. तरक्की गेली म्हणून नव्हे, मी काय म्हणेन म्हणून. भज्जीचे डाग पडलेल्या शेरवानीत ते माझ्यापुढं उभे राहिले. "आता जन्मभर हितंच ऱ्हावं लागंल बघ."

"मग राहू की," मी म्हणाले.

ते ऐकून सगळ्यांत जास्त चकित मीच झाले. मनात चाचपून पाहिलं, दुःख कुठं सापडेना. उलट हसूच फुटलं, मग त्यांनाही आवरेना. शिपायाला वाटलं, दोघं शिंदी पिऊन आलेत.

दुसऱ्या दिवशी पोट हलकं झालं तसा बंगला आठवला आणि मी त्यांच्याशी कडाकडा भांडले, ते वेगळं. पैसा नको होता असं खोटं मी आजही बोलणार नाही. पण त्या संध्याकाळी छकडा वळवताना मीच म्हणाले, "आल्या वाटेनंच घ्या. उजवीकडची रानं राहिलीत."