इंदूने मागून घेतलेले तीन महिने

मी इंटरच्या वर्गाला शिकवत होते. शिपाई दारात घुटमळला, मग आत येऊन टेबलावर चिठ्ठी ठेवून गेला. ‘इंदू सकाळी गेली.’ खाली तिच्या थोरल्या भावाची, दादांची सही. मी तास पूर्ण केला. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही... त्याला आता दीड महिना झाला.

इंदू आमच्या अंधेरीच्या कॉलेजात माझ्याबरोबर मराठी शिकवायला आली तेव्हा पस्तिशीची होती. वडील अकाली गेले म्हणून सतराव्या वर्षी तिने तोंडाला रंग लावला, दहा वर्षं नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडली. दादांचं शिक्षण तिच्याच कमाईवर झालं. बोलपट आले, कंपनी बसली, तेव्हा ती जोगेश्वरीला दादांकडे आली आणि भाच्यांच्या शेजारी बसून मॅट्रिकचा अभ्यास करायला लागली. ती थेट एम. ए. होऊनच थांबली. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून शिट्टी आली. इंदू म्हणाली, “बेसूर आहे रे. पुन्हा वाजव.” वर्ग हसला, आणि त्यानंतर तिचाच झाला. तिचा आवाज खालच्या जिन्यापर्यंत ऐकू यायचा.

गेल्या दिवाळीत तो आवाज बसला. खडूची धूळ असेल, सर्दी असेल, असं म्हणत ती ज्येष्ठमध चघळत राहिली. जानेवारीत मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, घशात गाठ आहे, ताबडतोब ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, आवाज मात्र जाईल. परतताना स्टेशनच्या बाकावर आम्ही गाडीची वाट बघत बसलो.

“सुमन, परीक्षेपर्यंत थांबू. पोर्शन अर्धा राहिलाय.”

“वेडी आहेस का गं? दादांना सांग आधी.”

“दादा उद्याच नेऊन झोपवेल मला टेबलावर. तू बोलायचं नाहीस. शपथ घे.” मग हळूच म्हणाली, “मला बोलता येणार नाही, म्हणजे मग मी कोण गं?”

मी शपथ घेतली.

पुढे तिचं बोलणं कुजबुजीवर आलं. मुलं आपण होऊन पंखे बंद करायची, घामाने निथळत ऐकायची. तासानंतर तिच्या रुमालावर रक्त दिसायचं. मी तो मोरीत धुऊन तिच्या हातात द्यायची. एवढंच मी केलं. एकदा मात्र सगळं सांगायचं ठरवून जोगेश्वरीला गेले. दार दादांनीच उघडलं. “या. झोपलीय ती. घसा फार बसलाय हो तिचा.” मी चहा प्यायले आणि परत आले... परीक्षा संपल्यावर डॉक्टरांनी तिला तपासून सांगितलं, आता ऑपरेशनचा उपयोग नाही.

गेल्या रविवारी दादांनी तिची पुस्तकं न्यायला बोलावलं. तिच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. एका पुस्तकातून त्यांनी डॉक्टरांचा कागद काढला.

“जानेवारीतला आहे. तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

ते ओरडतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी धोतराच्या सोग्याने पुस्तकं पुसली आणि एकेक करून माझ्या पिशवीत भरली. “तिने कडेला खुणा केल्यात,” म्हणाले. “कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा. तुम्हाला शिकवताना उपयोगी पडतील.”

त्याच पुस्तकांतून शिकवते आहे. तिची खूण आली की थांबते. पुढे आवाज चढवायचा असतो... तो काही केल्या चढत नाही.