अभ्यासिकेतला इन्व्हर्टर

दिंडोशीला आमच्या वस्तीत टेकडीच्या उतारावर छोटा बुद्धविहार आहे आणि त्याला लागून पत्र्याची अभ्यासिका. जागेच्या वादात तिला विजेचं मीटर कधी मिळालंच नाही. शेवटी बाबांनी वस्तीत वर्गणी काढून छपरावर सोलरची पॅनेलं बसवली, आत इन्व्हर्टर आणि बॅटरी. आमच्याकडे एकाच खोलीत टीव्ही, पाहुणे आणि भांडणं, म्हणून पोरं संध्याकाळी इथे वाचायला येतात. बाबाही दाराजवळच्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे. ते गेल्यावर इन्व्हर्टर माझ्या गळ्यात पडला, कारण मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. नोकरी अंधेरीच्या ऑफिसात कागद हलवायची करते, पण ऐकतो कोण!

त्या वर्षी दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या आणि इन्व्हर्टरने बोंब मारायला सुरुवात केली. दिवे लागून थोडा वेळ होतो न होतो तोच टीं टीं टीं. बॅटरीचा व्होल्टेज उतरला की तो आधी असा ओरडतो आणि मग सगळा अंधार. पोरं पुस्तकं मिटून घरी जायची. मला ते बघवायचं नाही.

ऑफिस सुटलं की मी थेट अभ्यासिकेत. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरलं. टर्मिनलवर साचलेली पांढरी भुकटी सोड्याच्या पाण्याने धुतली, व्हॅसलीन चोपडलं, वायरी आवळल्या. तरी टीं टीं चालूच. मग मी पोरांवर घसरले. "मोबाइल चार्जिंगला लावलेला दिसला ना, तर एकेकाची वाट लावीन!" बिचाऱ्यांनी लावलाच नव्हता. वर मी पंखाही बंद करून टाकला. पोरं घाम पुसत वाचत बसली. साप सोडून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

विहाराच्या समितीतले काका म्हणाले, "बॅटरी गेलीय. नवीन येईपर्यंत खोली बंद ठेवू." ऐन परीक्षेत बंद! मी चिडून सुट्टी टाकली आणि भर दुपारी छपरावर चढले. एरवी मी वर जायचे ती रविवारी सकाळी, पॅनेलं पुसायला. तेव्हा त्यांच्यावर लख्ख ऊन असायचं. आता बघते तर निम्म्या पॅनेलांवर पिंपळाची सावली. नुसता कोपरा झाकला तरी पॅनेल आळसावतं, आणि इथे तर दुपारपासून संध्याकाळपर्यंत हाच प्रकार. बॅटरी भरणार कुठून?

तो पिंपळ आईने लावलेला, बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. इतक्या वर्षांत तो छपराच्याही वर गेला होता. रोज वंदना झाली की ती त्याला कळशीभर पाणी घालते आणि त्याच्याशी बोलतेसुद्धा, बाबांशी बोलायची तशी. महागाई, गुडघे, माझं लग्न, सगळं त्याच्या कानावर जातं. विहाराच्या दारातल्या बोधिवृक्षावर संशय घ्यायचं कोणाच्या डोक्यात येणार? पॅनेलं हलवावीत तर दुसरीकडे शेजारच्या उंच टॉवरची सावली.

आईला सांगायला माझी जीभ रेटेना, माझ्यासारख्या तोंडाळ बाईची! शेवटी हाताला धरून तिला दुपारी वरच्या उतारावर नेलं आणि तिथून छपरावरची सावली दाखवली. तिने सावलीवरून नजर फांद्यांकडे नेली.

"मुळापासून?"

"नाही गं आई. छपराकडच्या फांद्या फक्त. पण दरवर्षी छाटाव्या लागतील."

ती घरी गेली. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी झाडावर चढणारा माणूस तीच घेऊन आली. फांद्या पडत होत्या तेव्हा तिने तोंड फिरवलं, आणि नंतर एकेक उचलून कडेला रचून ठेवली.

दोन दिवस पॅनेलांना पुरतं ऊन मिळालं. दुसऱ्या संध्याकाळी आई अभ्यासिकेत आली. बाबा गेल्यापासून तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. ती त्यांच्या खुर्चीत बसली. इन्व्हर्टरची रोजची ओरडायची वेळ आली आणि गेली. दिवे चालू, पोरं माना खाली घालून वाचतायत.

आई हळूच म्हणाली, "ते इथे आत बसायचे गं. मीच त्यांना बाहेर उन्हात उभं केलं होतं."

तिने डोळे पुसले आणि वर बघितलं.

"आणि तो पंखा कशाला बंद केलायस? लाव. पोरं घामाघूम झालीत."