शिवी देऊन पाहा

नालवाडीत गाड्यांना साउंड सिस्टीम बसवून देणारा आमचा हा गडी आधी दारावर टिचकी मारतो आणि नाक मुरडतो. "पुरा डबा हाय, भाऊ." मग बाहेरचा कल्ला आत येऊ नये म्हणून दारात जाड काळ्या शीट चिकटवतो.

माझ्या गाडीचं काम झालं तेव्हा म्हणाला, "मी आत बसतो. तुमी बाहेरून शिव्या द्या."

"नमस्कार म्हटलं तर?"

"नमस्कार कोनी जोर लावून म्हणते का?"

तो काचा चढवून बसला. मी मनापासून सुरू झालो. आत तो गाण्यावर मान डोलवत होता.

काच खाली आली. "आवाज बिलकुल नाई आला," तो खुशीत म्हणाला, "पण तोंड तं दिसते न, भाऊ! माह्या बापाले काऊन मधात आणलं?"